चूल, ओटा आणि आपण : एका जुन्या फाईलमधला इतिहास

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असे संपादक समितीने सांगितले तेव्हा मी ऑफिसातल्या कपाटातून जुन्या फायली काढून बसलो. कन्व्हेयन्स, पाण्याची टाकी, लिफ्ट, गणेशोत्सव या विषयांवर इतर सभासद लिहिणारच आहेत. माझ्या हाताला लागली ती एक जाडजूड, नाडी सुटलेली फाईल. वर लिहिले आहे, ‘सदनिकांतर्गत काम – परवानगी अर्ज’. मी काही वर्षे खजिनदार होतो, नंतर सेक्रेटरी. त्यामुळे त्यातले बरेच अर्ज माझ्याच हाताखालून गेलेले. पण ते सलग असे कधी वाचले नव्हते. दोन दुपारी बसून वाचले आणि लक्षात आले की आपला खरा इतिहास इथे आहे. इतिवृत्तात आपण भांडलेलो दिसतो. या फाईलीत आपण राहिलेलो दिसतो.

अर्जांपैकी निम्म्याहून जास्त अर्ज दोनच जागांसाठी आहेत, स्वयंपाकघर आणि बाथरूम. हॉलमध्ये आपण पाहुणे बसवतो, पण पैसा घालतो तो ओट्यावर आणि न्हाणीवर. बँकेत असताना गृहदुरुस्तीसाठी कर्ज मागायला येणारेही हेच सांगायचे, “साहेब, बाकी काही नाही, फक्त किचन आणि बाथरूम.” त्या ‘फक्त’ची किंमत काय होते ते पुढे मला स्वतःला कळले. ते सांगेनच. पण आधी जरा मागे जाऊ या.

जमिनीवरचा स्वयंपाक

माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी आजीला चुलीपाशी बसलेलेच पाहिले आहे. आमच्या गावच्या घरात स्वयंपाकघराची जमीन शेणाने सारवलेली, कोपऱ्यात मातीची चूल, तिला जोडून वैल. चुलीवर भात आणि वैलावर मंद आचेवर वरण. विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, परात जमिनीवर आणि आजीही जमिनीवर. उजवीकडे हात लांबवला की मिठाची बरणी, डावीकडे फुंकणी. न उठता सगळा स्वयंपाक व्हायचा. आज मॉड्युलर किचनवाले ‘सगळे हाताशी’ म्हणून जे विकतात, ते आजीकडे फुकट होते. धूर मात्र डोळ्यांत जायचा, आणि वाकून वाकून तिची पाठ पुढे सरळ झालीच नाही, हेही तितकेच खरे. जुने ते सगळे सोने, असे म्हणणाऱ्यातला मी नाही.

न्हाणी म्हणजे परसात चार फरशा आणि एक आडोसा. तांब्याचा बंब, घंगाळ आणि अंग घासायला खडबडीत वजरी. शहरात आलो तेव्हा वाड्यात दोन खोल्या होत्या आणि स्वयंपाकाच्या खोलीच्या कोपऱ्यातच मोरी. तिथेच भांडी, तिथेच कपडे आणि दार लोटून तिथेच अंघोळ. स्वयंपाकघर आणि बाथरूम ही दोन वेगळी दालने आहेत ही कल्पना आपल्याकडे सर्वसामान्यांच्या घरात तशी अलीकडचीच. त्या मोरीला कठडा असायचा वीतभर उंचीचा. पाणी त्याच्या पलीकडे गेले की घरात ओरडा व्हायचा. पाण्याला हद्द घालून देण्याचे काम तेव्हा तो वीतभर कठडा करत होता.

एका रेल्वेमार्गावरचे दोन दगड

आता एक गंमत सांगतो. आपला महाराष्ट्र दगडांचा देश म्हणतात. सह्याद्री सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. आपले किल्ले त्याचे, आपली लेणी त्यात कोरलेली, आपला पाटा-वरवंटा आणि जातेही त्याचेच. मग आपल्या घरातली फरशी आणि ओटा मात्र बाहेरगावचा का?

कारण असे की बेसॉल्ट थरांनी फुटत नाही. तो लाव्हारसाचा दगड. छिन्नी मारली की ढपला निघतो, पातळ सलग लादी निघत नाही. शहाबाद आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड. थरावर थर साचून झालेले. थराच्या रेषेत पहार घातली की लादी अलगद सुटते. हाताने फोडून, वरून घासून वापरता येईल असा दगड तोच.

शहाबाद आज कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे, पूर्वी निजामाच्या राज्यात होते. कडप्पा आंध्रात. आता नकाशा काढून बघा. मुंबईहून पुणे, सोलापूर, कलबुर्गी, शहाबाद, वाडी, रायचूर, गुंटकल, कडप्पा आणि पुढे चेन्नई. दोन्ही दगड एकाच रेल्वेमार्गावर! मुंबईकडून येणारा आणि मद्रासकडून येणारा असे दोन रूळ 1871 साली रायचूरला एकमेकांना मिळाले. ही लाईन आपल्या दारावरून जाते, म्हणून हे दगड आपल्या घरात आले. करड्या-फिकट रंगाची शहाबादी जमिनीवर बसली आणि काळा कडप्पा ओट्यावर, मांडणीवर, खिडकीच्या कट्ट्यावर. कडप्पा हे नाव तेलुगूतल्या ‘गडप’ या शब्दावरून आले, आणि गडप म्हणजे उंबरठा, तिरुपतीच्या वाटेवरचा उंबरठा, असे सांगतात. आपण तो दगड कित्येक घरांत दाराच्या उंबरठ्यालाच बसवला आहे, हा योगायोगही छान.

पुढे मोझॅक टाइल्स आल्या. सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे यांची ती लादी. परदेशी लाद्यांना पर्याय म्हणून 1922 साली सिधवांनी भारत टाइल्स सुरू केली तेव्हा स्वदेशीचे वारे होते. साठ-सत्तरच्या दशकात बांधलेल्या घरांत मोझॅकची जमीन आणि मोझॅकचेच जड सिंक हमखास असायचे. पांढरी ग्लेझ टाइल म्हणजे तेव्हा श्रीमंती. ती फक्त नळामागे हातभर लावत.

आजी उभी राहिली कशी

जमिनीवरचा स्वयंपाक ओट्यावर चढला तो फॅशन म्हणून नव्हे. तीन-चार गोष्टी एकदम झाल्या.

पुण्यापुरते बोलायचे तर 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले, नदीकाठचे वाडे वाहून गेले, आणि माणसे पेठा सोडून बाहेर राहायला गेली. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याने गृहनिर्माण संस्थांना चौकट दिली, 1963 साली मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा आला. वाड्याची खोली जाऊन ‘ब्लॉक’ आला. ब्लॉकमध्ये जागा मोजून मापून. खाली बसून पसारा मांडायला जमीनच उरली नाही.

दुसरे कारण गॅस. मुंबईत तो पन्नाशीच्या दशकात आला, इंडेन साठीच्या दशकाच्या मध्यावर. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली जमिनीलगत साचतो. म्हणून शेगडी सिलिंडरच्या पातळीपेक्षा वर, कट्ट्यावर हवी, असा दंडक. गॅसवाला ओटा आहे का ते बघायचा. थोडक्यात, ओटा घरात आणला तो गॅसने. माझ्या पिढीतल्या नोकरदारांना आठवत असेल, कनेक्शनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावलेला असायचा आणि बदली झाली की ऑर्डरच्या आधी गॅसच्या ट्रान्स्फर व्हाउचरची काळजी.

तिसरे कारण, बायका नोकरीला लागल्या. साडेआठची लोकल किंवा पावणेनऊची बस पकडणारीला बसून स्वयंपाक परवडत नाही.

आमच्या आजीला पहिल्यांदा ओटा दाखवला तेव्हा ती म्हणाली, “उभ्यानं स्वयंपाक? मी काय गाडी पकडायला निघालेय?” आईने काही उत्तर दिले नाही. आईला खरंच गाडी पकडायची असायची.

ओट्याबरोबर बाकीचेही उठले. विळी गेली, सुरी आली. पाटा गेला, मिक्सर आला. पंगत गेली, डायनिंग टेबल आले. मोरी गेली, सिंक आले. एका दगडी फळीने माणसांच्या बसण्याउठण्याची रीत बदलली. इतिहासाच्या पुस्तकात हे कुणी लिहीत नाही.

आपल्या इमारतीचे ओटे

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याला ताबा मिळाला तेव्हा सर्वांचे ओटे सारखे होते. काळा कडप्पा, मध्ये स्टीलचे सिंक, मागे दोन फूट पांढऱ्या टाइल्स. बाथरूममध्येही पांढऱ्या टाइल्सच, कमरेपर्यंत. त्यामुळे कुणाच्याही घरी गेलो तरी चहाचा डबा कुठे असेल ते अंदाजाने सापडायचे. समता म्हणतात ती आपल्या इमारतीत काही वर्षे खरोखर नांदत होती.

फाईलमधला पहिला अर्ज ताब्यानंतर जेमतेम वर्षाने आला. “ओट्यावर डाग पडतात म्हणून ग्रॅनाइट बसविण्याची परवानगी मिळावी.” कारण अगदी बरोबर. कडप्पा चुनखडीचा. लिंबू, चिंच, कोकम, ताक सांडले की आंबटाने चुना खाल्ला जातो आणि तिथे पांढुरका, खरखरीत ठिपका उमटतो. आपल्या जेवणात आंबट नाही असा दिवस कोणता? संगमरवराचेही हेच. ताजमहालाला शोभतो, आमटीला नाही.

मग ग्रॅनाइटची लाट आली. एकाने केले की शेजारी करणार, हा आपला सहकाराचा दुसरा अर्थ. तरी ती लाट केवळ हौसेची नव्हती. ग्रॅनाइट दक्षिणेत पूर्वीपासून होता, तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर हजार वर्षांपूर्वी त्याच दगडात उभे राहिले. पण त्याची पातळ, आरशासारखी लादी कापायला हिऱ्याची पाती लागतात. तशी यंत्रे आपल्याकडे वाढली तशी मध्यमवर्गाच्या ओट्याला ती लादी परवडू लागली. पुष्कळांच्या घरी चांदणीचे ठिपके असलेला काळा ‘गॅलेक्सी’ आहे, तो आंध्रात ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा. भूशास्त्रवाले त्याला ग्रॅनाइट म्हणतच नाहीत, गॅब्रो म्हणतात. दुकानदाराला सगळे काळे ग्रॅनाइटच.

त्यानंतरच्या अर्जांत शब्द बदलतात. ‘ट्रॉल्या’, मग ‘मॉड्युलर’, मग ‘चिमणीकरिता भिंतीस भोक’, ‘आरओसाठी नळजोड’. बाथरूमच्या अर्जांत ‘गीझर’, मग ‘शॉवर पार्टिशन’. सर्वांत बोलका बदल वेगळाच आहे. सुरुवातीला कुणीच मागत नसे, पण गेल्या दहा-बारा वर्षांत ओळीने अर्ज आहेत, “भारतीय पद्धतीचे शौचालय काढून कमोड बसविणेबाबत. कारण : गुडघे.” अर्जदार तेच, पंचवीस वर्षांपूर्वी जिने चढत ताबा घ्यायला आलेले. सोसायटीचे वय मोजायला मला वेगळ्या दाखल्याची गरज वाटली नाही.

आणि आता क्वार्ट्झ. तरुण सभासदांच्या अर्जांत हा शब्द हमखास असतो. क्वार्ट्झचा स्लॅब खाणीतून तसाच निघत नाही. दगडाची पूड, नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि बाकी राळेसारखे रेझिन, असे दाबून, तापवून कारखान्यात तो करतात. रंग हवा तो, हळद वगळता डाग कमी, छिद्रे नाहीत. पण रेझिन असल्याने गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर चट्टा पडतो, तो जात नाही. खाली लाकडी पाट किंवा तिवई हवीच.

त्या क्वार्ट्झची एक गोष्ट मला अस्वस्थ करते. त्यात सिलिका भरपूर. तो कोरडा कापला की जी धूळ उडते ती कापणाऱ्याच्या फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. या कारणामुळे ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असा कृत्रिम दगड बनवायला, विकायला, बसवायलाच बंदी केली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण कमी इतकेच. आपल्याकडे काय होते? ओटा बसवायला येणारा मुलगा जिन्याच्या लँडिंगवर बसून, तोंडाला फडके बांधून, कोरडा कटर चालवतो. आपण आपले दार लावून घेतो, धूळ आत येऊ नये म्हणून. मीही लावून घेतले आहे. दोन वर्षांपूर्वी कार्यकारिणीने ठराव केला की दगड शक्यतो दुकानातच कापून आणायचा, इथे कापायचा तर पार्किंगच्या मागे आणि पाणी सोडूनच. हा ठराव आपण पाळतो की नाही ते प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे.

माझ्या बाथरूमची गोष्ट

आता कबूल केल्याप्रमाणे माझी गोष्ट. ही आपल्या इमारतीतल्या जुन्या सभासदांना माहीत आहे, पण माझ्या तोंडून कुणी ऐकलेली नाही.

निवृत्त झालो, ग्रॅच्युइटी हातात आली. सौ. म्हणाली, “माझ्या ओट्याची उंची वाढवा, तीस वर्षं वाकून पाठ गेली.” मी म्हटले, ओटाही करू, बाथरूमही करू. ठेकेदार आला, स्वस्तात तयार झाला. घरात सत्यनारायणाची पूजा ठरलेली, म्हणून त्याला पंधरा दिवसांची मुदत दिली. बँकेत तीस हजारांच्या कर्जालाही तीन-तीन कागद मागणारा मी, इथे एका चिठ्ठीवर काम दिले.

आपल्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब बाजूच्या खोलीपेक्षा खाली बसवलेला आहे. त्या खड्ड्यात पाइप, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर वॉटरप्रूफिंग आणि शेवटी टाइल. जुन्या टाइल्स हातोडा-छिन्नीने उखडताना तो कोबा हादरला. वरून नव्या टाइल्स मात्र इतक्या देखण्या बसल्या की पूजेला आलेला प्रत्येक जण बाथरूम बघून गेला. पाणी साठवून चाचणी घ्यावी असे ठेकेदाराला मी विचारले होते. तो म्हणाला, “त्यात तीन दिवस जातील, काका.” मी गप्प बसलो.

चार महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे सर वर आले. निवृत्त शिक्षक, शांत माणूस. म्हणाले, “आमच्या छताला ओल दिसतेय. तुमच्याकडे एकदा बघाल का?” मी काय म्हणालो असेन? “बाहेरच्या पाइपचं पाणी असेल, सोसायटीला अर्ज करा.” आणि त्या वेळी सोसायटीचा सेक्रेटरी मीच!

त्यांनी अर्ज केला. मी तो ‘पाहणी करू’ असा शेरा मारून फाईलला लावला. या फाईलीत तो आहे, माझ्या हस्ताक्षरातल्या शेऱ्यासकट. असे आठ महिने गेले. त्यांच्या छताचा गिलावा फुगला, मग पडू लागला. संक्रांतीला त्यांच्या घरून हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. सौ. काही बोलली नाही, पण नव्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर तिने त्या दिवशी तिळगूळ केला तो कुणाला द्यायचा, हे आम्हा दोघांनाही कळेना.

शेवटी एका सभासदाने, जे स्वतः इंजिनीअर आहेत, तोडगा काढला. माझ्या बाथरूमची जाळी बंद करून चार इंच पाणी साठवायचे, त्यात लाल रंग कालवायचा आणि वाट बघायची. मी खात्रीने हो म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी बोलावले. त्यांच्या छतावर, दिव्याच्या बाजूला, लाल ओघळ उतरला होता. खाली त्यांनी घमेले ठेवले होते. ते काहीच बोलले नाहीत. ‘बघा’ असेसुद्धा म्हणाले नाहीत. खुर्ची पुढे केली आणि चहा आणायला आत सांगितले.

उपविधीत हे स्पष्ट आहे. संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी अंतर्गत गळती त्या सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची. गच्चीची किंवा बाहेरच्या पाइपची गळती सोसायटीची. सेक्रेटरी म्हणून हा उपविधी मी कितीतरी जणांना वाचून दाखवला होता. माझे देखणे बाथरूम पुन्हा स्लॅबपर्यंत उखडले, या वेळी खरे वॉटरप्रूफिंग केले, सरांचे छत करून दिले. पहिल्या खर्चापेक्षा दुसरा खर्च जास्त झाला. तो गेला त्याचे काही नाही. वर्षभराचे येणेजाणे गेले, ते कोणत्या खात्यात टाकायचे?

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी स्वतः ठराव मांडला. बाथरूम किंवा शौचालयाची जमीन उखडल्यास नवी टाइल बसवण्यापूर्वी 48 तास पाणी साठवून ठेवायचे, आणि खालच्या सदनिकाधारकाने आपले छत बघून फॉर्मवर सही केल्याशिवाय पुढचे काम करायचे नाही. काहींना तो जाचक वाटला. सर उठले आणि म्हणाले, “मी अनुमोदन देतो.”

या फॉर्मच्या गठ्ठ्यात पहिला फॉर्म माझाच आहे, दुसऱ्यांदा केलेल्या बाथरूमचा. खाली सरांची सही, वळणदार, शाळामास्तरी. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले आहे, ‘छत कोरडे.’ सर आता नाहीत. त्या दोन शब्दांची माफी मला पुरते.

नव्याने काम काढणाऱ्यांसाठी चार शब्द

अनेक तरुण कुटुंबे जुन्या सभासदांकडून फ्लॅट घेऊन आली आहेत आणि लगेच तोडफोड काढतात. त्यांना उपदेश म्हणून नव्हे, अनुभव म्हणून सांगतो.

दगड निवडताना दुकानातल्या दिव्याखाली बघू नका, बाहेर उन्हात बघा. तुकडा मागून घ्या आणि त्यावर लिंबू पिळून रात्रभर ठेवा. सकाळी डाग दिसला तर तो आपल्या स्वयंपाकाचा दगड नव्हे. कोरा ग्रॅनाइट रोजच्या घराला पुरतो. क्वार्ट्झ घ्यायचा तर तिवईची सवय असेल तरच. जुना कडप्पा शाबूत असेल तर नुसता पॉलिश करून बघा, निदान मांडणीला तो उत्तम आहे, फेकू नका. बाथरूमचे अ‍ॅसिड मोझॅक, कडप्पा किंवा संगमरवरावर कधीही ओतू नका.

ओट्याची उंची टेपने ठरवू नका, माणसाने ठरवा. जी व्यक्ती रोज तिथे उभी राहते तिने कोपरात हात वाकवून उभे राहावे. ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली हवा. बिल्डरने सर्वांना एकच उंची दिली होती, जणू आपल्या इमारतीतल्या सगळ्या बायका एकाच मापाच्या. आणि हो, आता कित्येक घरांत रोज उभा राहणारा ‘तो’ असतो. त्याचे माप घ्या.

बाथरूमला खाली गुळगुळीत टाइल नको, खरखरीतच हवी. तिचा उतार जाळीकडे आहे ना, ते टाइल पक्की होण्याआधी तांब्याभर पाणी ओतून बघा. कमोडशेजारी आणि शॉवरखाली हाताला धरायला दांडा बसवा, तोही विटेच्या भिंतीत खोल. आज तुम्हाला तो लागणार नाही. आईवडील आले की लागेल आणि वीस वर्षांनी तुम्हालाच लागेल. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी ठेवा.

वजनाचा हिशेब करा. 18 मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. आठ फूट बाय दोन फुटांचा ओटा म्हणजे सत्तर किलोंच्या वर. हे इमारतीला जड नाही. पण जुनी टाइल न काढता वर दुसरी, पुढच्याने तिसरी, असे थर सगळ्या मजल्यांवर चढत गेले तर ते वजन कुणाच्याच वहीत लिहिलेले नसते. कॉलम, बीम, स्लॅब यांना छिन्नी लावू नका, आणि स्वयंपाकघर किंवा बाथरूम हलवून खालच्याच्या झोपण्याच्या खोलीवर आणू नका. उपविधीप्रमाणे इमारत 15 वर्षांची झाल्यापासून दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागते आणि 30 वर्षांनंतर दर तीन वर्षांनी. आपण पंचविशीत आहोत. तिसावे वर्ष फार लांब नाही.

शेवटची गोष्ट. मुदत पूजेच्या तारखेवरून ठरवू नका. देव पाणी साठवून ठेवलेल्या बाथरूमवर रागावत नाही.

समारोप

परवा आमच्या वरच्या मजल्यावर नवे जोडपे आले. बाथरूमचे काम काढले आहे. मुलगी फॉर्म घेऊन माझ्याकडे आली, “काका, अठ्ठेचाळीस तास झाले, तुमचं छत बघून सही देता का?” मी बॅटरी घेऊन बाथरूमच्या छताखाली उभा राहिलो, स्टुलावर चढून हात लावून बघितला. सौ. ओट्यापाशी उभी होती, ताठ. म्हणाली, “आधी तिला बसू दे, चहा टाकते.”

सही केली. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचे ते मला विचार करावा लागला नाही.

पुढची पंचवीस वर्षे हा रकाना असाच भरला जावो, ही रौप्यमहोत्सवानिमित्त सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबियांना मनापासून शुभेच्छा.